बोट वाकडं की बूट वाकडा?

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण ज्याने कोणी काढली, त्याने नाचणाऱ्याची बाजू ऐकूनच घेतली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. निदान खाली वाकून त्या नाचणाऱ्याच्या पायात काय होतं, एवढं तरी त्याने पाहायला हवं होतं. पायात जर पुढून निमुळता, काळा चकचकीत आणि 'घाला हो साहेब, चार दिवसांत सैल होईल' असं सांगून दुकानदाराने गळ्यात मारलेला बूट असेल, तर दोष अंगणाचा नाही आणि नाचणाऱ्याचाही नाही. वाकडा आहे तो बूट. पण हा साधा मुद्दा मान्य करायला मनुष्यजात तयार नाही. बूट चावला तर आपण पायाला पट्टी बांधतो. बोट वाकडं झालं तर बोटाला दोष देतो. आरोपीला रोज पॉलिश आणि फिर्यादीला मलम, असा हा न्याय आहे. त्याविरुद्ध कोणी तरी ओरडायला हवं, म्हणून मी ओरडतो आहे.

मुळात पायाच्या बोटांना आपल्याकडे किंमतच नाही. हाताच्या बोटांचे केवढे लाड! तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळी. ज्या बोटाला नाव सुचलं नाही त्याचंही आपण 'अनामिका' असं गोड बारसं केलं आणि वर त्याच बोटात अंगठी घातली. आता पायाकडे या. अंगठा आणि करंगळी, या दोन टोकांच्या मंडळींना तेवढी नावं. मधल्या तिघांना 'नाव नसलेली' एवढंही नाव नाही. वास्तविक एका पावलात २६ हाडं असतात, दोन पावलांत मिळून ५२. सबंध शरीरात हाडं २०६. म्हणजे शरीराच्या या कंपनीतले चौथ्या हिश्श्याचे भागीदार खाली धुळीत काम करतात, आणि आपल्याला त्यांची आठवण कधी होते? तर रात्री पाणी प्यायला उठल्यावर अंधारात पलंगाचा खूर लागतो तेव्हा!

या बिननावाच्या तिघांतलं पहिलं, म्हणजे अंगठ्याशेजारचं बोट, हे या लेखाचं नायक. लग्नात जोडवी याच बोटात घालतात. मुलगी पाहायला जाणाऱ्या जुन्या काळच्या बायका पोह्यांची स्तुती करता करता हळूच याच बोटाकडे नजर टाकायच्या. ते अंगठ्यापेक्षा लांब असलं तर मुलगी पुढे नवऱ्याला मुठीत ठेवणार, असा समज. आमच्या सौ.चं हे बोट अंगठ्यापेक्षा चांगलं अर्धा पेर लांब आहे. तो समज खरा की खोटा, यावर याच घरात राहून मी काही लिहिणं योग्य होणार नाही. पण लांब बोटाच्या माणसाला बुटाचा जाच अधिक, हे मात्र शास्त्र सांगतं. कारण बूट घेताना आपण फक्त अंगठ्याला विचारतो, 'काय रे, टेकतोयस का पुढे?' तो 'नाही' म्हणाला की बूट पसंत. शेजारी त्याच्याहून उंच इसम उभा आहे, त्याला कोणी विचारतच नाही. मग बुटात गेल्यावर त्या इसमाला पुढे जागा नाही आणि बाजूलाही नाही. तो काय करणार? लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसलेला माणूस करतो तेच करतो. अंग चोरतो, गुडघा वर काढतो आणि तसाच आठ तास बसतो.

बोटाच्या या बैठकीला डॉक्टर लोक 'हॅमर टो' म्हणतात. हॅमर म्हणजे हातोडी. बोट बुडाशी वर उचललेलं, मधल्या सांध्यात खाली मोडलेलं, आणि टोक जमिनीला टेकलेलं. बाजूने पाहिलं तर कौलारू घराचं छप्पर दिसावं तसं. टोकाजवळचा शेवटचा सांधा तेवढा वाकला तर त्याला दुसरं नाव, आणि मधला व शेवटचा असे दोन्ही सांधे वाकून बोटाची नखी झाली तर तिसरं. नावं ठेवण्यात डॉक्टरमंडळी आपल्या आत्याबाईंपेक्षा काही कमी नाहीत. आपल्याला नावांशी कर्तव्य नाही. छपराचा आढा बुटाच्या वरच्या चामड्याला घासतो आणि तिथे कुरूप होतं. टोक तळाला टेकतं आणि तिथे दुसरं कुरूप. बोट बुडाशी वर उचललं गेल्यामुळे चवड्यावर भार येतो आणि तिथे घट्टा पडतो. एका वाकड्या बोटापायी माणूस तीन ठिकाणी कळवळतो. लोक म्हणतात, 'काय हो, लंगडताय?' आणि आपण म्हणतो, 'छे, काही नाही, जरा कुरूप आहे.'

हे होतं कसं, तेही सांगतो. पायाच्या बोटांना हलवणारे दोन प्रकारचे स्नायू असतात. एक मोठे, जे वर पोटरीत आणि नडगीजवळ बसून लांब दोऱ्यांनी बोटं ओढतात. दुसरे छोटे, जे पावलातच राहून बोटांना सरळ ठेवतात. हा सगळा कठपुतळीचा खेळ आहे. मोठ्यांची ओढ आणि छोट्यांची धडपड यांचा तोल असेपर्यंत बोट सरळ राहतं. बुटाने बोट दिवसेंदिवस वाकवून ठेवलं की हा तोल जातो. मोठ्यांची ओढ जिंकते, दोऱ्या आखडतात, सांध्याभोवतालच्या पेश्या ताठरतात. आधी बूट काढल्यावर बोट सरळ व्हायचं. मग हाताने ओढलं तर व्हायचं. मग एक दिवस हाताने ओढूनही होत नाही. तीस वर्षं साहेबापुढे वाकून उभा राहिलेला कारकून निवृत्तीनंतर घरीसुद्धा वाकूनच उभा राहतो, त्यातलाच हा प्रकार. आणि त्याला कोणी विचारलं तर लोक सांगतात, 'वय झालं हो!'

'वय झालं' हे उत्तर मला मुळीच मान्य नाही. अहो, अंगठ्याशेजारच्या बोटाचं वय झालं, तर हाताच्या बोटाचं का नाही झालं? दोघंही एकाच दिवशी जन्माला आलेली. पण हाताच्या बोटांना कोणी रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा निमुळत्या डबीत कोंबून ठेवलेलं नाही. दुसरं आवडतं उत्तर म्हणजे 'आमच्या घराण्यातच आहे'. काही घराण्यांत ते खरंच असतं. पायाची ठेवण आईवडिलांकडून येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. संधिवाताने बोटं वाकतात, मधुमेहात नसा बधिर होऊन वाकतात, पक्षाघाताने किंवा जुन्या दुखापतीने वाकतात. अंगठाच तिरका होऊन शेजाऱ्याच्या अंगावर रेलला तरी शेजाऱ्याला वाकावं लागतं. हे सगळं कबूल. पण घराण्याचा, वाताचा, साखरेचा हिशेब करताना दाराबाहेर जोडीने उभा असलेला तो चकचकीत इसम चौकशीतून दरवेळी सुटतो, हे माझं दुखणं आहे.

त्याच्याविरुद्ध पुरावा नाही असं नाही. हाँगकाँगमध्ये १९५८ साली दोन डॉक्टरांनी बूट घालणाऱ्या आणि अनवाणी राहणाऱ्या चिनी लोकांची पावलं तपासली. अंगठा शेजाऱ्याकडे कलण्याचं प्रमाण बूटवाल्यांत ३३ टक्के आणि अनवाणी मंडळींत दोन टक्क्यांहूनही कमी! लोक तेच, भात तोच, फरक फक्त पायातल्या वस्तूचा. इंग्लंडात केंब्रिजला उकरून काढलेल्या मध्ययुगीन सांगाड्यांच्या पावलांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या सांगाड्यांत कललेले अंगठे सहा टक्के. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या सांगाड्यांत २७ टक्के! मध्ये झालं काय होतं? लांब टोकाच्या बुटांची फॅशन आली होती. ही टोकं इतकी वाढली की १४६३ साली तिथल्या पार्लमेंटाला कायदा करावा लागला, की सरदाराहून खालच्या दर्जाच्या माणसाने दोन इंचांपेक्षा लांब टोकाचा बूट घालू नये. म्हणजे सरदारांना स्वतःची बोटं मोडून घ्यायची पूर्ण मुभा होती. मोठेपणाची हौस अशीच असते. आज आपल्याकडे ती हौस मध्यमवर्गापर्यंत खाली झिरपली आहे, एवढाच फरक.

आता दुकानात चला. तुम्ही आत शिरलात की विक्रेता पहिला प्रश्न विचारतो, 'नंबर?' आणि आपणही कुस्ती जिंकल्याच्या सुरात सांगतो, 'आठ!' या आठाला अर्थ काय? इंग्रजांच्या हिशेबात बुटाचा एक नंबर म्हणजे एक जव, म्हणजे इंचाचा तिसरा भाग. जवाचे तीन दाणे एका ओळीत ठेवले की एक इंच. ही शेकडो वर्षांपूर्वीची धान्याची मापं आपण आजही पायाला लावतो. बरं, लावतो ती फक्त लांबीला. रुंदीचं नाव नाही! शर्ट घेताना गळा, छाती, बाही बघतात. पँटीला कंबर आणि उंची. पाऊल तेवढं लांबच असतं, रुंद नसतंच, असं या व्यापाऱ्यांनी ठरवून टाकलं आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजल्याची बातमी २०२४ साली आली. त्यात निघालं काय, तर भारतीय पाऊल युरोपीय आणि अमेरिकन पावलापेक्षा रुंद असतं. म्हणजे आपण पिढ्यान् पिढ्या साहेबाच्या पावलावर पाऊल टाकत होतो, आणि ते त्यात मावत नव्हतं!

रुंद बूट मागितला की विक्रेता एक नंबर मोठा आणून देतो. तो मोठा बूट पुढून तितकाच निमुळता असतो, फक्त मागून टाच निसटते. टाच निसटली की बूट पायात ठेवण्यासाठी बोटं आतून तळाला आवळून धरतात. म्हणजे बोटांनी आता चेंगरूनही घ्यायचं आणि लटकूनही राहायचं. एका दुकानात मी विचारलं, 'पुढून चौकोनी काही आहे का?' तो तरुण माझ्याकडे करुणेने पाहत म्हणाला, 'काका, ते आउट ऑफ फॅशन झालं.' मी त्याला म्हटलं, 'अरे बाळा, माझी बोटं जन्मापासून आउट ऑफ फॅशन आहेत. ती पाचही एका टोकाला येऊन मिळत नाहीत.' तो हसला. विकला मात्र नाही.

बायकांच्या बाबतीत तर हा छळ कलेच्या पदवीला पोचला आहे. पुढे टोक आणि मागे टाचेखाली तीन इंचांचा खुंट. उतारावरून गाडी सोडावी तसा सगळा देहभार घसरत पुढे येतो आणि त्या टोकात जाऊन आदळतो. वाकडी बोटं पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त दिसतात, ती काय बायकांच्या स्वभावामुळे? अमेरिकेत १९९३ साली ३५६ बायकांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या ८८ टक्के बायकांच्या पायात पावलापेक्षा लहान चपला-बूट निघाले. कोणी म्हणेल, बायकांना हौस असते. असेल. पण कचेरीतली, हॉटेलातली, विमानातली नोकरीच उंच टाचेवर टांगलेली असेल तर तिला हौस म्हणत नाहीत. जपानमध्ये २०१९ साली युमी इशिकावा नावाच्या बाईंनी या सक्तीविरुद्ध मोहीम काढली. जपानीत बुटाला 'कुत्सू' म्हणतात आणि वेदनेला 'कुत्सूऊ'. त्या भाषेने बूट आणि वेदना एका घरात नांदवल्या आहेत. मराठीतही आपण बूट 'चावतो' म्हणतो. कुत्रा चावला तर आपण धावत दवाखान्यात जातो. बूट चावला तर पुन्हा उद्या सकाळी पाय त्याच्याच तोंडात देतो!

आणि या सगळ्याची मुंज आपण कुठे लावतो? शाळेत. जून महिन्यात मुलाला दुकानात नेऊन 'जरा वाढत्या मापाचा द्या' म्हणून दोन नंबर मोठा बूट घ्यायचा. दिवाळीपर्यंत पोरगं त्यात कापूस कोंबून फटाफट चालतं. संक्रांतीला एकदाचा बूट बेताचा होतो. होळीला चावायला लागतो. पण 'आता एवढं वर्ष काढ' म्हणून तो पुढच्या जूनपर्यंत काढायचा आणि मग धाकट्याच्या पायात घालायचा. कर्नाटकातल्या दोन डॉक्टरांनी १९९२ साली २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. तो बोटांचा नव्हे, सपाट तळव्यांचा होता. पण त्यातही बूट घालणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के आणि अनवाणी मुलांत २.८ टक्के निघाले, आणि बंद बुटांपेक्षा चपला-सँडल बऱ्या ठरल्या. आपल्या उन्हाळ्याच्या देशात, दुपारच्या ३८ अंशांत, सहा वर्षांच्या पोराने काळा बंद बूट आणि नायलॉनचा मोजा घालूनच अ-आ-ई शिकलं पाहिजे, हे कोणत्या पाणिनीने सांगितलं आहे? मुलांना सँडल घालू द्या म्हणून मी एका शाळेच्या पालकसभेत उभा राहिलो, तर अध्यक्ष म्हणाले, 'शिस्तीचा प्रश्न आहे.' पावलांना शिस्त लावायची, तर ती सरळ राहण्याची लावावी की वाकण्याची, एवढं तरी ठरवा!

तुम्ही म्हणाल, मग काय, सगळ्यांनी कोल्हापुरी घालावी? कोल्हापुरीबद्दल मला आदर आहे. पुढून उघडी, रुंद, बोटांना वारा. पण घरातली सैल, पाठ नसलेली फटफट चपलाही निर्दोष नाही. ती पायातून निसटू नये म्हणून बोटं तिला सारखी आवळत राहतात. माझं भांडण देशीविदेशीचं नाही. माझं म्हणणं एका वाक्यात मावतं: पायताण पायासाठी असतं, पाय पायताणासाठी नसतो. रामाच्या पादुकांनी अयोध्येवर चौदा वर्षं राज्य केलं. पण राम परतल्यावर त्या पुन्हा पायाखाली गेल्या. आपल्याकडे मात्र पादुका एकदा गादीवर चढल्या त्या उतरायलाच तयार नाहीत.

इथवर विनोद झाला. आता आमच्या अक्काचं सांगतो.

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, ७२ वर्षांची. साखर वीस वर्षांची जुनी. डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं म्हणून भाचीने कौतुकाने एक गुलाबी, देखणा, निमुळता बूट आणून दिला. अक्का तो घालून वर्षभर बागेला फेऱ्या मारत होती. बोट वाकलं, वर कुरूप धरलं. भाऊजींनी औषधांच्या दुकानातून कुरुपावरची औषधी पट्टी आणून चिकटवली. चार दिवसांनी अक्का मला फोनवर म्हणाली, 'अरे, काही दुखत नाही बघ, अगदी गुण आला!' दुखत नव्हतं, कारण तिला कळतच नव्हतं. त्या पट्टीत कातडी गाळणारं आम्ल असतं. ते कुरूप आणि कातडी यांत भेद करत नाही, आणि मधुमेहाने नसा बधिर झालेल्या पायाला ते बोंब मारू देत नाही. मोजा ओला लागला म्हणून सुनेने पाहिलं, तर बोटावर खड्डा पडलेला. सात आठवडे ड्रेसिंग चाललं. मध्ये एकदा सर्जन 'बोट काढावं लागेल कदाचित' असंही म्हणाले. बोट वाचलं. पण सुजेमुळे जोडवं निघेना, ते कापावं लागलं. सप्तपदीपासून पन्नास वर्षं त्याच बोटात असलेलं ते चांदीचं जोडवं. एवढ्या सात आठवड्यांत अक्का जखमेसाठी एकदाही रडली नाही. त्या दिवशी रडली. भाऊजी शेजारी उभे होते. ते म्हणाले, 'अगं, दुसरं करू.' आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

म्हणून 'बोटच तर आहे' असं कोणी म्हटलं की माझी पायाची आग मस्तकात जाते. ज्याला मधुमेह आहे त्याने कुरुपावर पट्टी लावू नये, ब्लेड चालवू नये, अनवाणी फिरू नये, आणि रोज रात्री पाय उजेडात धरून पाहावे. स्वतःला वाकता येत नसेल तर घरच्यांनी पाहावे. नवऱ्याने बायकोचे पाय पाहिले तर आकाश कोसळत नाही.

इतरांनी काय करावं? बोट अजून हाताने सरळ होत असेल तर तुमचं नशीब थोर. आजच बूट बदला. पुढून रुंद आणि खोल, टाच बुटकी, आणि सगळ्यांत लांब बोटापुढे, मग ते अंगठा असो वा दुसरं, अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा. बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय सुजतात. बसून नाही, उभं राहून बघा. दोन्ही पाय बघा. ते सख्खे भाऊ असले तरी सारखे नसतात. मऊ गादीची टोपी बोटावर घातली की घासणं थांबतं. डॉक्टर चिकटपट्टीने बोट सरळ बांधायलाही शिकवतात. जमिनीवर टॉवेल पसरून बोटांनी चुरगाळणे, गोट्या बोटांनी उचलून वाटीत टाकणे, असे व्यायामही आहेत. मी रोज पंधरा गोट्या उचलतो. आमची सौ. म्हणते, 'अहो, याच वेगाने हातांनी भाजी निवडलीत तर?' त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

पण बोट एकदा ताठर झालं की गोट्यांनी सरळ होत नाही. गल्लीतला हाडवैद्य झटका देऊन सरळ करतो म्हणाला तर पाय आणि पैसे दोन्ही घेऊन घरी या. बूट बदलून आणि गादी लावून दुखणं पुष्कळ कमी होतं, आणि न दुखणारं वाकडं बोट हे काही पाप नव्हे. दुखतंच असेल तर शस्त्रक्रिया आहे. मधल्या सांध्यातलं थोडं हाड काढतात किंवा दोन हाडं सरळ रेषेत जुळवतात, आखडलेल्या दोऱ्या सैल करतात, आणि बोटातून एक बारीक तार घालून ते सरळ धरून ठेवतात. ती तार साधारण चार-सहा आठवड्यांनी दवाखान्यातच काढतात. सूज मात्र काही महिने रेंगाळते, आणि जुळवलेला सांधा पुन्हा वाकत नाही. आधी रक्तपुरवठा आणि साखर तपासतात. एवढं सगळं करून, टाके काढून, माणूस पुन्हा त्याच निमुळत्या बुटात पाय घालणार असेल, तर त्याने सर्जनऐवजी मोच्याकडे गेलेलं बरं. बूट कापणं पायापेक्षा स्वस्त पडतं.

माझ्या मागण्या फार नाहीत. दुकानदारांनी पाऊल लांबीबरोबर रुंदीतही मोजावं. शाळांनी सँडलला शिस्तभंग म्हणू नये. कचेऱ्यांनी बाईच्या कामाची उंची तिच्या टाचेवरून मोजू नये. डॉक्टरांनी पाय तपासताना दाराबाहेरचा बूटही आत मागवावा. आणि वाचकहो, तुम्ही एवढंच करा. आज रात्री जेवणं झाल्यावर आजचं वर्तमानपत्र जमिनीवर पसरा. त्यावर अनवाणी उभे राहा आणि घरातल्या कोणाला तरी पावलाभोवती पेन्सिल फिरवायला सांगा. मग त्या आकृतीवर आपला बूट ठेवा. पेन्सिलीची रेघ बुटाबाहेर दिसली, तर तेवढं पाऊल तुम्ही रोज सकाळी घडी घालून आत कोंबता आहात. बूट रद्दीवाला घेत नाही, मी विचारून पाहिलं आहे. भंगारवाला घेतो.